सार्वजनिक हिताची दोन मापे

(जुन्नर तालुक्यातील येडगाव येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



सार्वजनिक हित या शब्दाचा अर्थ येडगावच्या माणसाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. सत्तरच्या दशकात येथे कुकडी नदीवर धरण उभे राहिले. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी येडगावच्या जलाशयात उतरते. येथून निघणारा डावा कालवा अडीचशे किलोमीटरांच्या आसपास वाटचाल करून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळा या अवर्षणग्रस्त तालुक्यांच्या शिवारात पोहोचतो. दुष्काळी मुलखाला पाणी मिळावे, हे हित निर्विवाद होते. त्या हितासाठी कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांखाली नदीकाठच्या जमिनी गेल्या आणि घरे उठली. ज्या गावाने आंबेगाव तालुक्याला नाव दिले, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. तालुक्याचे नाव राहिले, गाव राहिले नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारच्या हाती दिलेला अधिकार या खोऱ्यात पुरेपूर वापरला गेला आणि तो वापरताना शासनाचा हात अडखळला नाही.

आता याच पुणे जिल्ह्याच्या मुख्य शहराकडे पाहावे. पुणे शहर टेकड्यांच्या कुशीत वसलेले आहे. पर्वती-तळजाई, वेताळ, हनुमान, बाणेर अशा टेकड्या शहराच्या पोटात आणि दक्षिणेला कात्रजचा डोंगर. १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आलेल्या गावांपैकी जी २३ गावे पुढे कायम राहिली, त्यांच्या हद्दीतील टेकड्यांवर जैवविविधता उद्यान करावे, असा विचार विकास आराखड्याच्या वेळी पुढे आला. क्षेत्र ठरले सुमारे ९७८ हेक्टर. एवढे मोठे वनोद्यान, तेही दाट लोकवस्तीला लागून, देशातील फार थोड्या शहरांच्या वाट्याला आले असते. वर्षानुवर्षे चर्चा, हरकती आणि सुनावण्या झाल्या. २०१५ साली राज्य शासनाने या आरक्षणाला मान्यता दिली आणि जमीनमालकांना मोबदला म्हणून ८ टक्के हस्तांतरणीय विकासहक्क देऊ केला. तेवढ्या मोबदल्यावर जमीन सोडण्यास बहुतेक मालक तयार झाले नाहीत आणि पालिकेनेही मोठ्या प्रमाणावर जमीन ताब्यात घेतली नाही. आरक्षण नकाशावर हिरव्या रंगात राहिले. २०२५ साली या टेकड्यांच्या आरक्षणाचा फेरविचार करण्यासाठी शासनाने पुन्हा एक अभ्यासगट नेमला.

हीच सार्वजनिक हिताची दोन मापे होत. धरणासाठी शेतकऱ्याची जमीन घ्यायची असते तेव्हा सार्वजनिक हित हा हुकूम असतो. शहराच्या श्वासासाठी टेकडी राखायची असते तेव्हा तेच सार्वजनिक हित वाटाघाटीचा विषय होते. पहिल्या जमिनीचा भाव कमी होता आणि तिचा मालक दुबळा होता. दुसऱ्या जमिनीचा भाव दर वर्षी वाढतो आणि त्या भावात अनेकांची भागीदारी असते. शहरी वनोद्यानांच्या उपेक्षेचे मूळ झाडांविषयीच्या अनास्थेत शोधणे म्हणूनच अपुरे आहे. ते मूळ जमिनीच्या अर्थकारणात आहे.

ही उपेक्षा कशी चालते, हे क्रमाने समजून घेतले पाहिजे. प्रथम आरक्षण टाकले जाते, पण कुंपण होत नाही आणि रखवालदार नेमला जात नाही. मग शहरातील बांधकामांचा राडारोडा रात्री ट्रकने टेकडीच्या पायथ्याशी येऊन पडतो. त्यानंतर यंत्रे लागतात आणि उतार कापले जातात. पुण्याच्या बोलीत या धंद्याला टेकडीफोड असे रोखठोक नाव आहे. एकास पाचहून तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे. पण उतारच कापून सपाट केला की बंदी उरते कुठे? काही वर्षांनी तीच जागा दाखवून सांगितले जाते की येथे वन कुठे आहे, येथे तर ओसाड माळ आहे, आरक्षणाला आता अर्थ राहिलेला नाही. उपेक्षा अशा रीतीने हस्तांतराची पूर्वतयारी ठरते. जी जागा कोणाचीच नाही असे भासवता येते, ती एक दिवस कोणा एकाची करता येते.

या व्यवहाराची किंमत पैशांत मोजून संपत नाही. ६ जून २०१३ रोजी कात्रजच्या नव्या बोगद्याजवळ, डोंगर फोडल्याने वाट चुकलेल्या पाण्याचा लोंढा पुणे-सातारा रस्त्यावर आला आणि एक माता व तिची लहानगी मुलगी त्यात वाहून गेली. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरातून येणाऱ्या आंबिल ओढ्याने रौद्र रूप धारण केले. पाऊस असाधारण होता, हे खरे. परंतु ओढ्याचे पात्र आवळलेले होते आणि उतारावर पाणी थोपवून धरणारे गवत व माती विरळ झालेली होती. त्या रात्री ज्यांचे जीव गेले त्यांत ओढ्याकाठच्या वस्त्यांतील कष्टकरी होते. अरण्येश्वर परिसरात भिंत कोसळून माणसे गाडली गेली. टेकडी फोडणारा एका टोकाला राहतो आणि तिचे पाणी दुसऱ्या टोकाच्या वस्तीत शिरते. वर्गीय विषमतेचा हा भूगोल शहराच्या कोणत्याही आराखड्यात रंगवलेला नसतो.

येडगावहून फार दूर नसलेल्या आंबेगाव तालुक्यातील माळीणची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर खाली आला आणि दीडशेवर माणसे त्याखाली गेली. त्या दुर्घटनेच्या कारणांविषयी तज्ज्ञांची मते वेगवेगळी होती. म्हणून कोणा एकावर बोट ठेवणे उचित नाही. पण उतारावरची माती, पाणी आणि झाडोरा यांचा तोल हा शोभेचा विषय नसून जगण्यामरण्याचा आहे, एवढे तर त्या सकाळने खेड्यालाही शिकवले आणि शहरालाही शिकवायला हवे होते.

उपेक्षेचा एक प्रकार असाही आहे की जो उत्साहाच्या वेषात येतो. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यात प्रथम २ कोटी, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि शेवटी ३३ कोटी वृक्षलागवडीचे संकल्प सोडले गेले. लावलेल्या रोपाला दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, गुरांपासून आणि वणव्यापासून ते कोण राखणार, या प्रश्नाला संकल्पाच्या आकड्यात जागा नसते. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी मोठ्या प्रमाणावर गिरिपुष्प लावले गेले. ते परदेशी झाड झटपट वाढते, लांबून हिरवे दिसते आणि अहवालात शोभते. पण त्याच्या दाट लागवडीखाली येथील गवत आणि झुडपे फारशी तग धरत नाहीत. या टेकड्यांचा मूळ स्वभाव विरळ झाडी आणि गवताळ माळ यांचा आहे. धावडा, सालई, मोई, खैर, पळस, बहावा ही तिची झाडे आणि पवन्या, मारवेल, कुसळी हे तिचे गवत. ते गवत चार महिने पाणी मुरवते आणि आठ महिने माती धरून ठेवते. त्याला पडीक म्हणणारा माणूस टेकडी वाचायला शिकलेला नाही. फरसबंद वाटा, रंगीत कारंजी आणि सेल्फीची कमान उभारून टेकडीचा बाग करणे हीदेखील उपेक्षाच आहे, फक्त तिच्यावर अधिक खर्च होतो.

मग संभाव्यता आहे की नाही? निश्चित आहे आणि तिचा पुरावा याच शहरात आहे. वारजे येथील वनखात्याची सुमारे १६ हेक्टर जमीन एके काळी उजाड होती. तेथे कचरा पडत होता आणि अतिक्रमण सरकत होते. २०१५ नंतर वनखाते, स्वयंसेवी संस्था आणि नागरिक यांनी तेथे स्थानिक जातींची हजारो रोपे लावली आणि मुख्य म्हणजे ती जगवली. पाच वर्षांत तेथे झाडांची उंची माणसाच्या कितीतरी पट झाली, पक्षी आणि फुलपाखरे परतली. ५ जून २०२० रोजी केंद्र शासनाने नगरवन योजना जाहीर केली तेव्हा वारज्याचेच उदाहरण देशापुढे ठेवले. उजाड टेकडी पाच वर्षांत उभी राहू शकते, हे त्यामुळे सिद्ध झाले. सिद्ध झालेली गोष्ट ९७८ हेक्टरांवर का होत नाही, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर वनस्पतिशास्त्राच्या कक्षेबाहेरचे आहे.

नगरवन योजनेच्या पैशाकडेही डोळसपणे पाहिले पाहिजे. या योजनेसाठी प्रतिपूरक वनीकरणाच्या राष्ट्रीय निधीतून पैसा दिला जातो. हा निधी कशाचा? खाण, धरण, रस्ता किंवा कारखाना यांसाठी जेव्हा वनजमीन दिली जाते, तेव्हा त्या वनाच्या मोबदल्यात जमा केलेल्या रकमांचा. म्हणजे कोठेतरी आदिवासींच्या उशाचे जंगल तुटले, त्याची भरपाई तिजोरीत पडली आणि त्यातून शहराच्या कडेला वन उभे राहिले. शहराला वन नको, असे यातून कोणी म्हणू नये. शहरातील कामगाराच्या मुलाला सावलीचा हक्क आहेच. पण ही सावली कोणाच्या उन्हातून आली, याची जाणीव ठेवली नाही तर पर्यावरणाचा विचार सुखवस्तूंच्या प्रभातफेरीपुरता उरेल. जेथे जंगल तुटले तेथील ग्रामसभेला त्या निधीवर पहिला अधिकार असला पाहिजे, ही मागणी शहरातील वनप्रेमींनीही उचलून धरली पाहिजे.

या विषयाची दुसरी बाजू अधिक अवघड आहे आणि तिला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या बाबतीत १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश झाला आणि त्यानंतर उद्यानाच्या हद्दीतील हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. वन वाचवण्याची याचिका योग्य हेतूने झाली होती. पण तिचा पहिला फटका मुंबईत घर परवडत नसलेल्या माणसांना बसला. कित्येकांना पर्यायी घरासाठी वर्षानुवर्षे ताटकळावे लागले. पुण्याच्या टेकड्यांच्या उतारावरही गुंठा-अर्धा गुंठा घेऊन पत्र्याचे घर बांधलेला माणूस आहे. त्याला आणि डोंगर कापून इमारती उठवणाऱ्याला अतिक्रमणवाला हे एकच नाव देणे हा अन्याय आहे. झाड की झोपडी असा प्रश्न मांडला जातो तेव्हा टेकडीफोड करणारा तिसरा माणूस शांतपणे बाजूला उभा राहून पाहत असतो. समाजवादी कार्यकर्त्याने हा प्रश्न त्या चौकटीत स्वीकारू नये. गरिबाचे पुनर्वसन आधी, जवळ आणि पक्के. आणि फोडलेल्या डोंगराचा दंड फोडणाऱ्याकडून, हीच न्याय्य मांडणी होय.

एप्रिल २०२३ मध्ये वेताळ टेकडीवरील नियोजित रस्त्याविरुद्ध मोठ्या संख्येने पुणेकर रस्त्यावर उतरले, ही स्वागतार्ह घटना होती. तो लढा टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांचा होता, असे म्हणून त्याला हिणवणे सोपे आहे. पण टेकडी ही पायथ्याच्या वस्तीतील मुलांचे एकमेव मैदान असते, उन्हाळ्यात पत्र्याच्या घरातून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्यांची सावली असते, शहरभर कचरा वेचणाऱ्या स्त्रीला दोन घटका विसावा देणारी जागा असते. लढा या लोकांपर्यंत पोहोचवणे आणि त्यांना त्यात अग्रभागी आणणे, हे चळवळीचे काम आहे. प्रवेशशुल्काची खिडकी लावलेले वन हे सार्वजनिक वन नव्हे.

शहराच्या या कहाणीशी येडगावचा संबंध काय, असा प्रश्न येथे कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर पुणे-नाशिक रस्त्यावर मिळते. नारायणगाव, मंचर ही गावे आता गावे राहिलेली नाहीत. बाजार, दवाखाने, शाळा, गाळे आणि वसाहती यांनी ती वाढत आहेत. शहराने तीस-चाळीस वर्षांपूर्वी जो निर्णय लांबवला, तोच निर्णय आता या तालुक्यांच्या दारात येऊन उभा आहे. गायरान, डोंगरउतार, ओढ्याकाठ, देवस्थानाची जमीन या साऱ्या जागा आज रिकाम्या दिसतात आणि रिकाम्या दिसणाऱ्या जागेवर नजर लवकर पडते. गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात दिला आणि त्याच वर्षी १२ जुलै रोजी महाराष्ट्र शासनाने गायरानांच्या रक्षणाचा आदेश काढला. आदेश निघाला, पण तो गावाने वाचला काय? ज्या दिवशी गायरानाची नोंद तलाठ्याच्या दप्तरातून ग्रामसभेच्या चर्चेत येईल, त्या दिवशी त्याचे खरे रक्षण सुरू होईल.

येथे एक रास्त शंका उपस्थित होते. जुन्नर तालुक्यात बिबट्याची भीती घरोघरी आहे. माणसे मेली आहेत, मुले मेली आहेत, रात्रीची दारे लवकर लागतात. वन वाढवले तर बिबट्या वाढणार नाही काय? ज्याच्या अंगणातून जनावर उचलले गेले त्याच्या या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देता येत नाही. वस्तुस्थिती अशी आहे की या तालुक्यातील बिबट्या मोठ्या प्रमाणावर उसाच्या फडात राहतो. कालव्याच्या पाण्याने शिवारात बारमाही आडोसा आला आणि कुत्री, शेळ्या यांचे भक्ष्यही जवळ राहिले. पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडले तर सोडलेल्या भागातील हल्ले वाढू शकतात, हे विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच परिसराच्या अभ्यासातून दाखवले आहे. गावाजवळच्या गायरानावर दाट जंगल उभे करावे, असा आग्रह म्हणून कोणी धरू नये. तेथे मोकळे गवत, विरळ झाडी, चाऱ्याचा नियम, रात्रीचा उजेड आणि बंदिस्त गोठे असावेत. कोणत्या जागी कसले वन, हे तेथे राहणाऱ्यांनी ठरवायचे असते. मुंबईत किंवा दिल्लीत ठरलेला एकच नमुना सर्वत्र लावण्याचा परिणाम गिरिपुष्पाच्या टेकड्यांवर दिसला आहेच.

स्थानिकांनी ठरवलेले वन कसे टिकते, याचा धडा आंबेगावच्या पश्चिम भागात आहे. आहुप्याची देवराई कोणत्याही योजनेत लावली गेली नाही. महादेव कोळी समाजाने पिढ्यान् पिढ्या पाळलेल्या नियमांनी ती राखली. महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी केला, तेव्हा अशा लहान लहान राखीव रानांचे मोल शास्त्रीय जगापुढे आले. तेथे श्रद्धेचा भाग होता हे खरे. पण श्रद्धेइतकाच महत्त्वाचा होता तो सामाईक मालकीचा भाव. रान सर्वांचे, म्हणून त्यात कुऱ्हाड चालवणारा सर्वांना जाब देणार. २००६ च्या वनहक्क कायद्याने या भावाला कायद्याचे रूप दिले आणि गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. हक्क मिळालेल्या गावाने जंगल विकून खाल्ले नाही. त्याने बांबूचा हिशेब ठेवला आणि जंगलही ठेवले. शहराला अशी ग्रामसभा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९२ साली प्रभाग समित्यांची तरतूद केली, पण टेकडीच्या भवितव्याचा निर्णय घेण्याचा अधिकार त्या समित्यांतून नागरिकापर्यंत कधी उतरला नाही.

या विवेचनातून कार्यक्रम कोणता निघतो? पहिली गोष्ट माहितीची. प्रत्येक गावातील व प्रभागातील कार्यकर्त्याने आपल्या हद्दीतील टेकडी, गायरान आणि ओढा यांचे सातबारे व नकाशे मिळवून ते चावडीवर किंवा वस्तीत वाचून दाखवावेत. कोणती जमीन वनखात्याची, कोणती ग्रामपंचायतीची, कोणती खाजगी आणि आरक्षित, हे लोकांना कळले की निम्मी लबाडी उघडी पडते. दुसरी गोष्ट रोजगाराची. महाराष्ट्राने रोजगार हमीचा विचार देशाला दिला. येथील कायदा १९७७ साली झाला आणि त्याच हमीवर बांध, नाले व पाझर तलावांची कामे झाली. पण हमी शहराच्या वेशीवर थांबली. २००५ चा केंद्रीय कायदाही ग्रामीण भागापुरताच होता. शहरातील बेकार तरुणाला आणि वस्तीतील स्त्रीला टेकडीचे समतल चर, रोपवाटिका, रोपांची तीन वर्षांची निगा आणि वणव्याची राखण हे काम हक्काने व किमान वेतनाने मिळाले पाहिजे. ज्या हातांनी टेकडी जगवली ते हात तिच्यावर यंत्र चढू देणार नाहीत. तिसरी गोष्ट न्यायाची. आरक्षित टेकडीवरील लहान मालकाला वाजवी मोबदला मिळावा, रहिवासी गरिबाला आधी घर मिळावे आणि मोठ्या जमीनधारकांच्या टाळाटाळीपुढे शासनाने तोच अधिकार वापरावा जो त्याने कुकडीच्या खोऱ्यात वापरला.

या अखेरच्या मागणीचा नैतिक अधिकार पुण्याच्या सभागृहांपेक्षा येडगावच्या माणसाला अधिक आहे. ज्यांच्या जमिनींवर पाणी चढले, त्यांनी दूरच्या अनोळखी शेतकऱ्यासाठी आपला वाटा दिला. तो देताना त्यांच्याशी कोणी ८ टक्क्यांची घासाघीस केली नाही. त्यांनी आता शहराला विचारावे की खेड्याने हिताची किंमत मोजली, शहर आपल्या हिताची किंमत केव्हा मोजणार? हा प्रश्न या तालुक्याच्या ग्रामसभांचा ठराव होऊन जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत गेला, तर टेकड्यांच्या लढ्याला पुण्यात न मिळालेले बळ येडगावातून मिळेल. आणि तो ठराव करणारी ग्रामसभा त्याच बैठकीत स्वतःच्या गायरानाची हद्द मोजायला घेईल, तर तिच्या शब्दाला कृतीची जोड मिळेल.